जर्मनीत आउसबिल्डुंग : पुण्या-नाशकात बसून करार कसा मिळवायचा

बारावी झालेल्या किंवा नुकतंच पदवीचं शेवटचं वर्ष दिलेल्या मुलामुलींना जर्मनीत कामाला लागायचं असेल, तर सगळ्यात सरळ वाट आउसबिल्डुंगची आहे. हे पगारी प्रशिक्षण असतं. आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत प्रत्यक्ष काम, उरलेले एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत. काही ठिकाणी शाळा सलग काही आठवड्यांच्या गटाने भरते. व्यवसायानुसार मुदत दोन ते साडेतीन वर्षं : दुकानातला विक्रेता किंवा गोदामातला साधा कामगार दोन, नर्सिंग, स्वयंपाकी, बेकरी, लॉजिस्टिक्स तीन, गाड्यांचा मेकॅट्रॉनिकर, म्हणजे यंत्र आणि वीज दोन्हींची दुरुस्ती करणारा कारागीर, साडेतीन. फी नसते. दर महिन्याला विद्यावेतन मिळतं.

यात एकच क्रम चालतो : आधी भाषा, मग करार, मग व्हिसा. तो उलटवणाऱ्यांचे पैसे आणि वर्ष दोन्ही जातात.

भाषेपासून सुरुवात

बहुतेक व्यवसायांना जर्मन बी-१ पातळी लागते (युरोपीय मोजपट्टीवर ए-१ सगळ्यात खालची, मग ए-२, बी-१, बी-२). नर्सिंगमध्ये बऱ्याच संस्था बी-२ मागतात. ए-१ पासून बी-१ पर्यंत पोहोचायला 45 मिनिटांच्या साधारण 350 ते 650 तासिका लागतात, म्हणजे कॉलेज किंवा नोकरी सांभाळून जवळजवळ वर्ष. ‘तीन महिन्यांत बी-१’ अशा पाट्यांवर विश्वास ठेवू नका. समजा कसंबसं प्रमाणपत्र मिळालंही, तरी मुलाखतीत पहिल्या दोन मिनिटांत पितळ उघडं पडतं.

मुंबई आणि पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात ग्योटे या जर्मन भाषा-संस्थेची बी-१ परीक्षा देता येते. तिचे चार भाग आहेत : वाचन, श्रवण, लेखन, संभाषण. प्रत्येकाला 100 गुण, उत्तीर्ण व्हायला 60. एक भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. आपल्याकडची मुलं वाचनात सहज निघतात आणि श्रवणात अडकतात, कारण क्लासमध्ये शिक्षकांचं सावकाश बोलणंच कानावर पडलेलं असतं. रोज अर्धा तास जर्मन रेडिओच्या बातम्या ऐका, आणि ज्या व्यवसायात जायचं त्यातले शब्द वेगळ्या वहीत लिहा. नर्सिंगला जाणाऱ्याला जखम, पट्टी, रक्तदाब हे शब्द जर्मनमध्ये आलेच पाहिजेत.

कॅलेंडर मागून मोजा

आउसबिल्डुंगची वर्षं प्रामुख्याने 1 ऑगस्ट किंवा 1 सप्टेंबरला सुरू होतात. नर्सिंगमध्ये एप्रिल आणि ऑक्टोबरच्या तुकड्याही असतात. 1 सप्टेंबरची जागा हवी असेल तर आदल्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरपासून अर्ज सुरू करा, डिसेंबर-जानेवारीपर्यंत बी-१ हातात ठेवा, मार्च-एप्रिलपर्यंत करार व्हावा आणि लगेच व्हिसाचा अर्ज जावा. हॉटेलं आणि बेकऱ्या मे-जूनमध्येही माणसं शोधत असतात, पण तेव्हा करार झाला तर व्हिसा वेळेत येणं अवघड. म्हणून कंपनीला आधीच विचारा : उशिरात उशिरा कोणत्या तारखेपर्यंत रुजू झालो तर चालेल? काही आठवडे उशीर कंपनी चालवून घेते. शाळेचा अभ्यासक्रम मात्र पुढे गेलेला असतो, आणि परक्या भाषेत तो भरून काढणं जड जातं.

जागा कुठे शोधायच्या

पहिलं ठिकाण जर्मन सरकारी रोजगार संस्थेचं, बुंडेसआगेंटुअर फ्युर आर्बाइटचं, जॉबझूखे हे संकेतस्थळ. त्यात प्रकाराच्या यादीतून आउसबिल्डुंग निवडा, व्यवसायाचं जर्मन नाव टाका, गाव आणि त्याभोवतीचं अंतर ठरवा. जोडीला आउसबिल्डुंग डॉट डीई आणि आझुबियो पाहा. कारागिरीच्या व्यवसायांसाठी, म्हणजे सुतारकाम, वीजकाम, प्लंबिंग-हीटिंगसाठी, हांडवेर्क्सकामर या स्थानिक व्यवसाय मंडळांच्या याद्या असतात.

म्युनिक, बर्लिन, फ्रँकफुर्ट ही नावं जरा बाजूला ठेवा. तिथे स्थानिक उमेदवार भरपूर आणि खोलीचं भाडं विद्यावेतन खाऊन टाकतं. लहान शहरांतल्या कंपन्यांना माणसं मिळत नाहीत, त्या उत्तर देतात. जाहिरातीत ‘शूलिशे आउसबिल्डुंग’ लिहिलं असेल तर सावध व्हा. हे पूर्ण शाळेत चालणारं प्रशिक्षण असतं, त्यात अनेकदा विद्यावेतन नसतं आणि खर्चाची सोय आपल्यालाच दाखवावी लागते. ‘डुआलेस श्टुडिउम’ हा तर वेगळाच, पदवीचा मार्ग.

अर्जाची फाइल

एकच पीडीएफ, शक्यतो पाच एमबीच्या आत : एक पानाचं अर्जपत्र, एक ते दोन पानांचा तक्त्यासारखा बायोडेटा, बी-१ प्रमाणपत्र, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि त्यांचे शपथबद्ध अनुवादकाने केलेले जर्मन अनुवाद. बायोडेट्यात सगळ्यात अलीकडची गोष्ट वर. वडिलांचं नाव, धर्म, जात, वैवाहिक स्थिती काही नको.

नावाचा घोळ आपल्याकडे हमखास होतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर वेगळी मांडणी. जर्मन माणूस पहिला शब्द नाव समजतो आणि करार भलत्याच नावाने तयार होतो. सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच नाव लिहा आणि गुणपत्रिकेवरचा फरक बायोडेट्यात एका ओळीत सांगा. गुणांचंही तसंच : जर्मनीत 1 सर्वोत्तम आणि 6 सर्वांत वाईट. स्वतःच्या मनाने टक्क्यांचं रूपांतर करू नका, ‘100 पैकी 78’ असं स्पष्ट लिहा.

अर्जपत्राला खरा वेळ द्या. जाहिरातीत संपर्काच्या व्यक्तीचं नाव असतं, पत्र तिला नावाने लिहा. ‘महोदय-महोदया’ थाटाचं पत्र म्हणजे जाहिरात नीट वाचली नाही याची कबुली. पहिल्या परिच्छेदात हा व्यवसाय का, दुसऱ्यात हीच कंपनी का, तिसऱ्यात तुम्ही आजवर काय केलंय : आजीची शुश्रूषा, काकांच्या गॅरेजमधलं काम, हॉटेलातली सुट्टीतली नोकरी. ‘मला जर्मन संस्कृती आवडते’ हे वाक्य त्यांनी खूप वेळा वाचलेलं असतं. एकच पत्र पन्नास जागी पाठवलं तर ते लगेच ओळखू येतं. तीस-चाळीस अर्ज नीट लिहून पाठवा, तक्त्यात तारीख आणि उत्तर नोंदवा, आणि दोन आठवड्यांनी उत्तर नसेल तर दोन ओळींची नम्र आठवण करा.

पदवीधरांसाठी खास : इंजिनीअर माणूस बेकरीत का जातोय, हा प्रश्न कंपनीही विचारते आणि व्हिसा अधिकारीही. उत्तर पटलं नाही तर व्हिसा नाकारला जातो. तुमच्या शिक्षणाशी या व्यवसायाचा धागा आधी शोधा, तो नसेल तर हा मार्ग निवडण्याचं कारण स्पष्ट लिहा.

मुलाखत बहुधा व्हिडिओवर. उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हा फरक बदलतो, तेव्हा वेळ पुन्हा तपासा. पाच मिनिटं आधी हजर राहा, समोरच्याला ‘झी’ (जर्मनमधलं आदरार्थी ‘तुम्ही’) म्हणा आणि समजलं नाही तर पुन्हा सांगायची विनंती करा. मान हलवत राहणं हे सगळ्यात वाईट.

करार वाचताना

करारात सुरुवातीची तारीख, मुदत, कामाचे तास, विद्यावेतन, सुट्ट्या आणि परीक्षाकाळ (प्रोबेशन) लिहिलेला असायलाच हवा. परीक्षाकाळ एक ते चार महिने, नर्सिंगमध्ये सहा. या काळात दोन्ही बाजूंना कधीही करार मोडता येतो. 2026 मध्ये सुरू होणाऱ्या कंपनीतल्या प्रशिक्षणाला कायद्याने पहिल्या वर्षी महिना किमान 724 युरो. दुसऱ्या वर्षी पहिल्यापेक्षा 18 टक्के, तिसऱ्या वर्षी पहिल्यापेक्षाच 35 टक्के जास्त. त्यातला साधारण पाचवा हिस्सा सामाजिक विम्यात कापला जातो, त्यामुळे किमान रकमेवर एकट्याने राहणं भागत नाही. विद्यावेतन व्हिसाच्या अटीपेक्षा कमी असेल तर फरक ब्लॉक खात्यात (ज्यातून दर महिन्याला ठरलेलीच रक्कम काढता येते अशा खात्यात) दाखवावा लागतो. सरकारी आणि मोठ्या रुग्णालयांत नर्सिंगला पहिल्या वर्षीच 1,300 युरोंच्या पुढे मिळतं, तिकडे मुलं वळतात त्याचं हे एक कारण.

प्रशिक्षणासाठी कंपनीला पैसे द्यावेत किंवा मध्येच सोडलं तर दंड भरावा, अशी कलमं जर्मन व्यवसाय प्रशिक्षण कायद्याच्या 12 व्या कलमानुसार रद्दबातल ठरतात. असं काही लिहिलेलं दिसलं तर सही करू नका. करार तिथल्या व्यवसाय मंडळाकडे नोंदवलेला आहे का, हेही विचारा.

फसवणूक इथेच होते. मुलाखत न घेता आलेला करार खोटा समजा. कंपनीच्या संकेतस्थळावर ‘इंप्रेसुम’ हे पान कायद्याने असावं लागतं, त्यावरचा पत्ता आणि फोन पडताळा, लँडलाइनवर स्वतः फोन करा. हांडेल्सरेगिस्टर ही कंपन्यांची नोंदवही ऑनलाइन फुकट पाहता येते. भारतातून भरती करणारा एजंट भारत सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत आहे का ते पाहा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून 30,000 रुपये आणि वर जीएसटी, एवढीच मुभा आहे. पाच लाख मागणाऱ्याच्या हातात आईचे दागिने देऊ नका.

व्हिसा

करार झाला की राष्ट्रीय व्हिसा, शुल्क 75 युरो. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतात. करारासोबत कंपनीने भरलेला नोकरीसंबंधीचा अर्ज लागतो, तो सही झाल्याच दिवशी मागून घ्या, कारण कंपनीत तो भरायची सवय असलेली व्यक्ती बहुधा एकच असते. वेळ फार कमी असेल तर कंपनी तिकडच्या परदेशी नागरिक कार्यालयातून वेगवान प्रक्रिया करू शकते, त्याचं शुल्क 411 युरो.

व्हिसा लागण्याआधीच खोलीबद्दल कंपनीला विचारा. नर्सिंग संस्थांकडे आणि हॉटेलांकडे बऱ्याचदा स्वतःच्या खोल्या असतात. तिथे पोहोचल्यावर पत्त्याची नोंद करायला घरमालकाची सही असलेला कागद लागतो, आणि बरीचशी पुढची कामं त्या नोंदीवर अडतात. करार झाला तरी खोलीचा कागद मिळेल का, हे लेखी घेऊन ठेवा.