जिरामध्ये तिकिटाला मालक द्यायचा आणि रिव्ह्यू लावायचा, तो असा

बऱ्याच टीममध्ये जिरा, म्हणजे एकेक काम तिकीट म्हणून नोंदवायचं सॉफ्टवेअर, घेतलेला असतो, त्यातला टप्प्याटप्प्याच्या कॉलमांचा बोर्डही छान रंगीत असतो, आणि काम मात्र व्हॉट्सॲप ग्रुपवरच चालतं. "अरे ते जीएसटीचं कोण बघतंय?" "माझ्याकडून झालंय, रिव्ह्यूला दिलंय." "कोणाला दिलंय?" आणि मग दोन दिवस सगळे गप्प. दरवेळी टीम आळशी असते असं काही नाही, बोर्डच असा लावलेला असतो की तिकीट कुणाचं आहे आणि आत्ता कुणापाशी अडकलंय हे दिसतच नाही. खालचं सगळं जिरा क्लाउड, म्हणजे जिराची ऑनलाइन आवृत्ती, धरून लिहिलंय. आणि हो, हल्ली स्क्रीनवर इश्यूच्या जागी 'वर्क आयटम' आणि प्रोजेक्टच्या जागी 'स्पेस' दिसायला लागलंय, गोंधळू नका, गोष्ट तीच आहे, मी आपलं तिकीट आणि प्रोजेक्टच म्हणणार.

सेटिंगला हात लावायच्या आधी तुमचा प्रोजेक्ट कुठल्या प्रकारचा आहे ते बघा. टीम-मॅनेज्ड असेल तर प्रोजेक्ट ॲडमिनला वर्कफ्लो, म्हणजे तिकीट कुठल्या टप्प्यांतून (स्टेटसमधून) जाणार तो रस्ता, स्वतः बदलता येतो. कंपनी-मॅनेज्ड असेल तर बहुतेक गोष्टींसाठी जिरा ॲडमिनच्या पाया पडावं लागतं, आणि तोच वर्कफ्लो दुसरे चार प्रोजेक्टही वापरत असतील तर तुमच्या बदलाने त्यांचीही झोप उडते, म्हणून आधी विचारा.

मालक

तिकीट उघडलं की उजवीकडे डिटेल्समध्ये असायनी, म्हणजे तिकिटाचा मालक, असतं, तिथे नाव निवडलं की झालं. स्वतःकडेच घ्यायचं असेल तर 'असाइन टू मी' दाबा किंवा कीबोर्डवर नुसतं आय दाबा. नाव टाइप करूनही माणूस लिस्टमध्ये येत नसेल तर त्याला प्रोजेक्टचा ॲक्सेस नाही किंवा 'असाइनेबल यूजर' ही परमिशन नाही. लॉगिन आहे म्हणजे तिकीट देता येईलच असं नसतं, नवीन जॉइन झालेल्यांच्या बाबतीत तर हे हमखास होतं.

असायनीत एकच नाव बसतं. यावर लोक फार कुरकुर करतात, दोघं मिळून करतोय मग दोघांची नावं का नाही, आणि मग कुणीतरी 'को-ओनर' म्हणून वेगळं फील्ड बनवून घेतं. नका करू. दोन नावं आली की बारभाईंचा कारभार सुरू झालाच म्हणून समजा, प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. खरंच दोघांचं काम असेल तर सबटास्क करा आणि एकेक वाटून द्या, ज्यांना फक्त माहिती हवी त्यांना वॉचर करा, म्हणजे बदल त्यांना कळत राहतात. जिरासारखीच दुसरी सॉफ्टवेअर बघा, ट्रेलोत एका कार्डावर हवे तेवढे मेंबर चिकटवता येतात, क्लिकअपमध्येही एकाहून जास्त असायनी चालतात, आसनात मात्र एका टास्कला एकच माणूस, आणि माझं मत विचाराल तर आसना आणि जिराचंच बरोबर आहे.

आता येणारं नवीन तिकीट. प्रोजेक्ट सेटिंग्जच्या डिटेल्समध्ये 'डिफॉल्ट असायनी' असतं, तिथे दोनच पर्याय, अनअसाइन्ड किंवा प्रोजेक्ट लीड. प्रोजेक्ट लीड ठेवलं तर त्या बिचाऱ्याच्या नावावर ढीग साचतो आणि बाकीचे निवांत, अनअसाइन्ड ठेवलं तर रोज कुणीतरी वाटायला बसावं लागतं. कंपनी-मॅनेज्ड प्रोजेक्टमध्ये यावर उपाय म्हणजे कंपोनंट, म्हणजे प्रोजेक्टचे छोटे भाग. समजा बिलिंगचा प्रोजेक्ट आहे, तर 'पेमेंट', 'इन्व्हॉइस', 'लॉगिन' असे कंपोनंट करा, प्रत्येकाला लीड द्या आणि त्याचं डिफॉल्ट असायनी 'कंपोनंट लीड' करा, मग तिकीट बनवताना असायनी ऑटोमॅटिकवर ठेवलं की ते आपोआप त्या माणसाकडे जातं. यात दोन खाचाखोचा आहेत. एक तर हे फक्त तिकीट बनतानाच चालतं, नंतर कंपोनंट बदललात तर असायनी आपला जुनाच राहतो. दुसरं, दोन कंपोनंट लावले आणि दोघांचे लीड वेगळे असले तर ज्या कंपोनंटचं नाव अक्षरक्रमात आधी येतं त्याचा लीड धरला जातो, त्यामुळे 'इन्व्हॉइस' आणि 'पेमेंट' दोन्ही टिक केले की सगळं इन्व्हॉइसवालीच्या गळ्यात, आणि तिला कळतच नाही की आपल्याकडेच का येतंय.

आधीच बेवारस पडलेली तिकिटं असतील तर असायनी रिकामं असलेली फिल्टर करा आणि वरच्या तीन टिंबांमधून बल्क चेंज वापरा. तिथे मेल पाठवायचं एक चेकबॉक्स असतं, ते आठवणीने काढा, नाहीतर सगळ्यांचा इनबॉक्स भरेल आणि शिव्या तुम्हाला बसतील.

रिव्ह्यूला गेल्यावर असायनी बदलायचा का?

खरा घोळ इथे आहे. बहुतेक टीममध्ये काम झालं की डेव्हलपर तिकीट सीनियरच्या नावावर करतो, सीनियर बघून टेस्टरच्या नावावर करतो, टेस्टरला बग सापडला की तो कुणाच्या नावावर करायचं ते हिस्ट्री उघडून शोधत बसतो. तीन हात फिरल्यावर मूळ मालक कोण होता हे बोर्डवर कुठेच राहत नाही. माझं म्हणणं सरळ आहे, असायनी पहिल्यापासून डनपर्यंत (काम संपल्याच्या स्टेटसपर्यंत) एकच ठेवा आणि रिव्ह्यूअरसाठी वेगळं फील्ड करा, यूजर पिकर, एकच माणूस निवडता येईल असं, नाव 'रिव्ह्यूअर'. आता हे एक फील्ड को-ओनरसारखंच नाही का असं कुणी म्हणेल, तर नाही, कारण रिव्ह्यूअरकडे त्या तिकिटाची फक्त एक पायरी आहे, तिकीट डनला न्यायची जबाबदारी असायनीचीच.

याचा एक तोटा आहे हे मान्य. रिव्ह्यूअर आपली कामं असायनीवरून बघत असेल तर रिव्ह्यूला आलेली तिकिटं त्याला दिसणारच नाहीत. म्हणून बोर्डवर एक क्विक फिल्टर करून ठेवा, रिव्ह्यूअर हे फील्ड म्हणजे आत्ता लॉगिन असलेला माणूस, नाव द्या 'माझे रिव्ह्यू'. एकदाच करायचं, सगळ्यांना आपापलं दिसतं. सकाळी चहाचा कप टेबलावर ठेवला की आधी ते बटण दाबायचं, एवढी सवय लागली तरी पुष्कळ.

वर्कफ्लो

टीम-मॅनेज्डमध्ये प्रोजेक्ट सेटिंग्ज, त्यात वर्क टाइप्स, त्यात 'एडिट वर्कफ्लो'. 'इन रिव्ह्यू' नावाचं स्टेटस घाला आणि कॅटेगरी 'इन प्रोग्रेस' ठेवा, म्हणजे निळी. काही जण हिरवी, म्हणजे 'डन'ची, देतात, डेव्हलपरचं झालं ना म्हणून, आणि मग रिपोर्टमध्ये अर्धवट कामं झालेली दिसतात.

मग ट्रान्झिशन, म्हणजे कुठून कुठे जाता येतं ते बाण. साधारण तीन लागतात, इन प्रोग्रेसमधून इन रिव्ह्यू, इन रिव्ह्यूमधून डन, आणि इन रिव्ह्यूमधून परत इन प्रोग्रेस. तिसऱ्याला नीट नाव द्या, 'बदल हवेत' असं काहीतरी. हे तीन बाण काढून लोक खूश होतात आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी इन प्रोग्रेसमधलं कार्ड उचलून थेट डनमध्ये टाकतं आणि ते जातंही. कारण तयार मिळणाऱ्या साध्या वर्कफ्लोत प्रत्येक स्टेटसला 'एनी' किंवा 'ऑल' असं लिहिलेला एक बाण आधीच असतो, कुठूनही इथे येता येतं असा. डनवरचा तो बाण उडवा. तो जोवर आहे तोवर तुमचा रिव्ह्यू ऐच्छिक आहे, आणि रिलीजच्या आदल्या रात्री ऐच्छिक गोष्टी कोण करतं?

कंपनी-मॅनेज्डमध्ये अजून एक गंमत होते. वर्कफ्लोत स्टेटस घातलं, सेव्ह केलं, कुणीतरी तिकीट इन रिव्ह्यूला नेलं आणि तिकीट बोर्डवरून गायब! डिलीट नाही झालेलं, बोर्ड सेटिंग्जच्या कॉलम्समध्ये जा, तिथे 'अनमॅप्ड स्टेटसेस'मध्ये तुमचं इन रिव्ह्यू बसलेलं असेल, त्याला ओढून कॉलममध्ये टाका.

रिव्ह्यू कुणी पास करायचा यावर बंधन हवं असेल तर रिव्ह्यूमधून डनच्या बाणावर नियम लावा. प्रोजेक्टमध्ये रिव्ह्यूअर नावाचा रोल करून फक्त त्या रोलला परवानगी द्यायची हा सोपा मार्ग. कंपनी-मॅनेज्डमध्ये 'सेपरेशन ऑफ ड्यूटीज' नावाची कंडिशनही मिळते, ज्याने आधीचं ट्रान्झिशन केलं त्यालाच पुढचं करता येत नाही, म्हणजे आपणच केलं आणि आपणच पास केलं हा प्रकार बंद. कंडिशन आणि व्हॅलिडेटर यात गल्लत करू नका, कंडिशन बसत नसेल तर बटणच दिसत नाही, व्हॅलिडेटर असेल तर बटण दिसतं पण दाबल्यावर एरर येतो. म्हणून 'रिव्ह्यूअर भरल्याशिवाय रिव्ह्यूला पाठवता येणार नाही' हे व्हॅलिडेटरनेच करा, काय राहिलंय ते माणसाला वाचता तरी येतं.

प्रत्यक्षात कसं दिसतं ते बघू. तिकीट आहे, 'पुण्याच्या कस्टमरला आयजीएसटी लागतोय', म्हणजे परराज्यातल्या विक्रीचा कर. विकणारा महाराष्ट्रातला, घेणारा महाराष्ट्रातला, म्हणजे सीजीएसटी आणि एसजीएसटी लागायला हवा. डेव्हलपर दुरुस्त करतो, रिव्ह्यूअर भरतो, इन रिव्ह्यू. रिव्ह्यूअर उघडून बघते, पुण्याचं बरोबर येतंय, पण बिलिंगचा पत्ता पुण्याचा आणि डिलिव्हरी बेळगावला असेल तर काय, हे कुणी बघितलेलंच नाही. ती तसं कमेंटमध्ये लिहिते आणि 'बदल हवेत' दाबते. असायनी तोच असल्यामुळे तिकीट आपसूक डेव्हलपरच्या यादीत परत येतं, कुणाला शोधावं लागत नाही, कुणाला फोन करावा लागत नाही. फक्त कमेंट न लिहिता परत पाठवणं हा टीममध्ये गुन्हा समजा.

ऑटोमेशन

दोन नियम पुरतात, पहिल्याच दिवशी वीस करत बसू नका, फ्री प्लॅनवर तर महिन्याचे रनही मोजूनच मिळतात. पहिला, तिकीट इन रिव्ह्यूला गेलं की रिव्ह्यूअरला मेन्शन करून कमेंट किंवा मेसेज. दुसरा शेड्यूलवर चालणारा, रोज सकाळी, दोन दिवस इन रिव्ह्यूमध्येच पडलेली तिकिटं शोधून रिव्ह्यूअरला आठवण. रिव्ह्यूची भिजत घोंगडी यानेच हलतात, आणि आठवण मशीनने केली की माणसाला राग कमी येतो. 'असाइन' ॲक्शनमध्ये राउंड-रॉबिन (पाळीपाळीने) आणि बॅलन्स्ड वर्कलोड (ज्याच्याकडे काम कमी त्याला) असे पर्यायही आहेत पण ते असायनीसाठी, सपोर्टच्या तिकिटांना छान, रिव्ह्यूअर फील्डला उपयोग नाही. रिव्ह्यू कॉलमला कमाल मर्यादाही लावता येते, समजा चार, त्यापुढे गेलं की कॉलम लाल होतो. अडवत नाही, नुसता लाल होतो, पण स्टँडअपला, म्हणजे रोजच्या छोट्या मीटिंगला, तो लाल सगळ्यांना दिसतो.

कोडचा रिव्ह्यू गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, होत असेल तर स्टेटस हाताने हलवायची गरजच नाही. जिरा आणि गिटहब जोडलेले असतील आणि ब्रँचच्या (कोडच्या वेगळ्या प्रतीच्या) नावात तिकिटाचा नंबर असेल तर पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये घ्यायची विनंती, उघडल्यावर तिकीट इन रिव्ह्यूला आणि मर्ज झाल्यावर, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये गेल्यावर, पुढे, असं ऑटोमेशनमध्ये लावता येतं. गिटहबवर रिव्ह्यूअर ठरवायला 'कोडओनर्स' नावाची फाइल ठेवा, कुठला फोल्डर कुणाचा ते एकेका ओळीत. एखादी फाइल दोन ओळींत बसत असेल तर शेवटची ओळ लागू होते, म्हणून सगळ्यांना लागू होणारी ओळ वर आणि खास ओळी खाली. उलटं केलंत तर सगळे रिव्ह्यू एकाच माणसाकडे. ज्याचं नाव लिहाल त्याला रिपोझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, राइट ॲक्सेस (बदल करायची परवानगी) हवा. पुल रिक्वेस्ट ड्राफ्ट असेपर्यंत ओनरला रिक्वेस्ट जात नाही, 'रेडी फॉर रिव्ह्यू' केल्यावरच जाते, त्यामुळे "मला आलंच नाही" असं कुणी म्हटलं तर आधी ते बघा. आणि ब्रँच प्रोटेक्शनमध्ये (ब्रँचवर मर्जची बंधनं घालायच्या सेटिंगमध्ये) कोड ओनरचा रिव्ह्यू सक्तीचा केला नाहीत तर ही फाइल नुसती सूचना करते, मर्ज अडवत नाही.

कुणी सोडून जात असेल तर त्याच्या शेवटच्या दिवसाआधी तीन जागा तपासा, त्याच्या नावावरची उघडी तिकिटं, तो लीड असलेले कंपोनंट आणि रिव्ह्यूअर फील्डमध्ये त्याचं नाव असलेली इन रिव्ह्यूमधली तिकिटं. अकाउंट बंद केलं तरी तिकिटं त्याच्याच नावावर राहतात आणि आठवणीचे मेसेज जातात कुणीच न वाचणाऱ्या इनबॉक्समध्ये.