मागून आवाज आला की थेट डिफरन्शियल उघडू नका: जुन्या जीपवाल्यांनो, या चुका टाळा

माझ्या महिंद्रा एमएम ५४० जीपच्या मागून घूंऽऽ असा आवाज सुरू झाला. ताशी चाळीसच्या पुढे तर शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे. गॅरेजवाल्याने एक फेरी मारली आणि निकाल दिला, "साहेब, क्राऊन-पिनियन गेलं." म्हणजे मागच्या डिफरन्शियलमधली, इंजिनचा जोर चाकांकडे वळवणारी दातेरी गिअरची जोडी. मीही मुकाट मान डोलावली. कुर्ल्याचा सीएसटी रोड पालथा घालून जुना सेट मिळवला, बसवला. आवाज जैसे थे! दोष निघाला डाव्या चाकाच्या बेअरिंगचा. वर चांगलं चाललेलं डिफरन्शियल उघडल्याने त्याचं सेटिंग बिघडलं, ते वेगळंच.

म्हणून पहिली चूक हीच, ऐकायच्या आधी पाना हातात घेणं. मुंबईकराला यासाठी घाट गाठायची गरज नाही, रविवारी सकाळचा रिकामा उड्डाणपूल पुरतो. चढताना इंजिनचा जोर गिअरच्या एका बाजूवर येतो. फक्त तेव्हाच शिट्टीसारखा सूर निघत असेल तर क्राऊन-पिनियनच्या दात्यांचा किंवा त्यांच्या सेटिंगचा संशय घ्या. उतारावर गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा. आता जोर उलट्या बाजूवर गेला. इथेच आवाज येत असेल तर पिनियनचं बेअरिंग किंवा ढिला झालेला पिनियनचा नट आधी पाहा. पाय दाबला काय, सोडला काय, सूर तोच आणि फक्त वेगाबरोबर चढतो-उतरतो, असं असेल तर डिफरन्शियलला सध्या हात लावू नका. सपाट, मोकळ्या रस्त्यावर क्षणभर न्यूट्रल करून खात्री करून घ्या.

मग उरतात चाकाचं बेअरिंग आणि टायर. काँक्रीटवरून डांबरावर आल्यावर आवाजाचा पोत बदलला तर टायर, कारण गिअरला रस्ता कळत नाही. जाड खाचांचे मड टायर असतील तर हा संशय सगळ्यात आधी. पुलाच्या उजव्या वळणावर आवाज वाढला आणि डाव्या वळणावर दबला, तर डाव्या चाकाचं बेअरिंग पाहा, कारण उजवीकडे वळताना वजन डाव्या बाजूवर पडतं. माझं अगदी हेच होत होतं. मी ऐकलंच नव्हतं.

गिअर टाकताना 'टक्' होतं, ती वेगळी कथा. गाडी सपाट जागी लावा, चाकांना पुढून-मागून दगड लावा, न्यूट्रल करा आणि खाली झोपून प्रोपेलर शाफ्ट (डिफरन्शियलकडे जोर नेणारा लांब दांडा) हाताने पुढे-मागे फिरवा. पिनियनच्या फ्लँजवर (जिथे हा शाफ्ट पिनियनला जोडतो) थोडा ढिलेपणा असणारच, जुन्या गाडीत जरा जास्तच. पण शाफ्टच्या टोकाच्या सांध्यातल्या क्रॉसमध्ये तो अजिबात नको. तिथे क्रॉसच्या कपजवळ लालसर भुकटी दिसली की समजा, आतल्या बेअरिंगच्या सुया गेल्या. फ्लँज वर-खाली हलत असेल तर मात्र पिनियनचं बेअरिंगच गेलंय. विलिस घराण्यातल्या सीजे-३बी सारख्या जीपमध्ये मागच्या ॲक्सल शाफ्टचं टोक निमुळतं असतं आणि त्यावर चाकाचा हब चावीने (खाचेत बसणाऱ्या लोखंडी पट्टीने) बसतो. तिथला नट सैल झाला की चावी झिजते आणि हुबेहूब डिफरन्शियलसारखी 'टक्' वाजते. स्प्रिंगच्या पाट्यांचे यू-बोल्टही तपासा.

वळतानाच कडकड होते? आधी फोर-बाय-फोरचा दांडा पाहा. या गाड्यांत पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये सेंटर डिफरन्शियल नसतं. कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील लावून वळलात तर सगळा ट्रान्समिशन पीळ खातो. दांडा टू-व्हीलवर असूनही कडकड येत असेल, तरच डिफरन्शियलच्या आतल्या लहान गिअरवर संशय घ्या.

मुंबईचं खास दुखणं म्हणजे पाणी. गरम ॲक्सल मिलन सबवेसारख्या तुंबलेल्या जागी पाण्यात शिरला की आतली हवा एकदम आकसते. ब्रीदर, म्हणजे ॲक्सलमधली हवा आत-बाहेर होण्याची वाट, चिखलाने बंद असेल तर पाणी सीलमधून आत ओढलं जातं. पाण्यातून आल्यावर ऑइल पाहा. दुधाळ दिसलं तर त्याच आठवड्यात बदला. बंद ब्रीदरचा दुसरा प्रताप असा की गरम झाल्यावर आतला दाब सील फोडून ऑइल थेट ब्रेक शूवर सोडतो. सील बदलत बसण्याआधी पाच मिनिटं देऊन ब्रीदर साफ करा.

ऑइल बदलताना भरायचा बोल्ट आधी सोडवा. आधी तळाचा काढला आणि वरचा अडकून बसला, तर गाडी गॅरेजपर्यंत नेताही येत नाही. हायपॉइड गिअरला, म्हणजे अशा क्राऊन-पिनियनला, जीएल-५ दर्जाचं ऑइल लागतं, जीएल-४ चालत नाही. पातळी भरायच्या भोकाच्या खालच्या कडेला हवी, त्यावर नाही. तळाच्या बोल्टवर करडा, मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज. चकचकीत तुकडा सापडला, तर तेव्हा खुशाल उघडा.

आणि उघडलंच, तर क्राऊन आणि पिनियन यांची जोडी मोडू नका. दोघं एकत्र घासून जुळवलेली असतात. शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) जिथून निघाल्या तिथेच जाव्यात म्हणून खडूने खुणा करा. कोलॅप्सिबल स्पेसरवाल्या (बेअरिंगमध्ये दबून चेपणारी नळी असलेल्या) ॲक्सलमध्ये गळका सील बदलताना पिनियनचा नट दणकून आवळला की बेअरिंग जास्त दाबलं जातं आणि पुढच्या महिन्यात ओरडू लागतं. आधी नटावर आणि शाफ्टवर खूण करायची, फेरे मोजायचे, तितकेच परत. दात्यांना निळा रंग लावून ठसा पाहिल्याशिवाय मिस्त्रीला झाकण बंद करू देऊ नका.