पावसाळा सरला की दुनळी अशी उतरवा

आमची बारा बोअरची दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, आधी बाबांच्या नावावर होती. त्यांच्या मागे रीतसर अर्ज केला, मग परवाना माझ्या नावावर झाला. दारव्हा तालुक्यात आमचं वावर जंगलाला लागून आहे. तुरीला शेंगा धरल्या की रोही (नीलगाई) अन् डुकरं येतात. वनखात्याच्या परवानगीशिवाय डुकरावर बार टाकता येत नाही, म्हणून बंदूक बहुतेक कपाटातच असते. पडून राहिलेल्या बंदुकीलाच जास्त जपावं लागतं.

काडतुसं आधी दुसऱ्या खोलीत ठेवा. बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत का ते डोळ्यांनी पाहा, बोटानंही चाचपा. नळीखालचं लाकूड काढलं अन् बंदूक उघडायचा खटका (चाप नव्हे) दाबला की नळ्या वेगळ्या होतात. त्या आभाळाकडे धरून आरपार पाहा.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीआधी मी असंच पाहिलं, तर डाव्या नळीतून उजेडच येईना. कुंभारमाशीनं आत मातीचं घर केलं होतं. बाहेरून काही कळत नव्हतं. त्यावर बार काढला असता तर नळी फाटली असती, अन् नेम धरताना डावा हात नळीखालीच असतो. माती रॉकेलनं भिजवून लाकडी गजानं हळूहळू बाहेर ढकलली. तिथं लोखंडी सळई ठोकू नका, आतून ओरखडे पडतात.

मग पितळी तारांचा ब्रश रॉकेलमध्ये बुडवून काडतुसाच्या बाजूनं आत घाला अन् तोंडाकडून बाहेर काढा, आठ-दहा वेळा. हे काम अंगणात, चुलीपासून दूर करायचं. त्यावर जुन्या धोतराच्या चिंध्या फिरवा, कोरी चिंधी कोरीच बाहेर येईपर्यंत. शेवटी शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात. नळीत शिशाचा अंश असतो, म्हणून हात साबणानं धुतल्याशिवाय भाकरीला लावू नका.

बाहेरच्या गंजावर तेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी तरटाच्या तुकड्यानं घासा. पॉलिशपेपर नको. विशीत असताना मी तो लावला होता. नळीचा निळसर काळा रंग म्हणजे गंज अडवायला लोखंडावर मुद्दाम चढवलेला थर असतो, तो निघून गेला. आता त्या वीतभर जागेवर दर पावसाळ्यात गंज चढतो.

दस्त्याला, म्हणजे मागच्या लाकडी भागाला, मात्र आपल्या जवसाच्या तेलासारखं दुसरं काही नाही. तळहातावर चार थेंब घेऊन लाकूड गरम होईपर्यंत चोळा, जास्तीचं पुसा अन् एक-दोन दिवस वाळू द्या. हेच तेल घोड्याच्या यंत्रात गेलं तर चिकटून बसतं, तिथं ते लावू नका. या तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवस वाळताना तापतं, बोळा आपोआप पेटू शकतो, अन् आपल्या घरात तर कापूस भरलेला असतो. चिंध्या तारेवर पसरून वाळवा.

घरचं काम एवढंच. घोडा सैल वाटला, नळ्या हलू लागल्या, तर यंत्राचे स्क्रू उघडू नका. बंदूक परवान्यासह दुरुस्तीचा परवाना असलेल्या दुकानातच न्या. बाजाराच्या गावी एक कारागीर मला म्हणाला होता, "भाऊ, नळी चार बोटं कापून देतो, हलकी होईल." मी सरळ घरी आलो. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ६ परवान्याशिवाय नळी कापायला मनाई करतं. शिवाय नळीच्या तोंडाशी भोक किंचित आवळलेलं असतं, त्याला चोक म्हणतात; सगळ्यात जास्त आवळलेल्या फुल चोकला ते सुमारे १ मिलिमीटर. तेवढ्यानं छर्रे एकत्र राहतात. ते कापलं की छर्रे लवकर फाकतात, अन् मग तुमचा नेम कितीही चांगला असो.

काडतुसंही बंदूक पाहूनच घ्या. कित्येक जुन्या दुनळ्या ६५ मिलिमीटरच्या काडतुसाच्या असतात. त्यांत ७० चं बसतं, पण उडताना त्याचं तोंड पुरतं उघडायला जागा नसते अन् दाब वाढतो. आकडा बहुधा नळीखाली कोरलेला असतो. वाचता आला नाही तर दुकानदाराकडून मोजून घ्या.

रेक्झिनच्या खोळीत बंदूक ठेवू नका, ओल आतच धरून राहते. कुलपाच्या कपाटात उभी ठेवा, काडतुसं वेगळ्या कुलपात. निवडणुकीत ठाण्यात जमा करायची वेळ आली तर आदल्या रात्री तेलाचा जाडसर हात द्या अन् पावती परवान्यासोबत जपा. परत आल्यावर कपाटात ठेवण्याआधी नळ्या उतरवून पुन्हा आभाळाकडे धरा.