जुन्या मॅकिंटॉशमधील स्कझी साखळीचे टर्मिनेशन

मॅकिंटॉश एसई किंवा त्यानंतरच्या एखाद्या जुन्या मॅकला जोडलेली बाह्य हार्ड डिस्क कधी दिसत असेल आणि कधी दिसत नसेल, तर डिस्कला दोष देण्यापूर्वी स्कझी साखळीची, म्हणजे स्कझी (SCSI) या जोडणी-पद्धतीने एकापुढे एक जोडलेल्या उपकरणांच्या रांगेची, दोन्ही टोके तपासावीत. केबलमधून निघालेला संकेत मोकळ्या टोकावर आदळून मागे परततो आणि पाठोपाठ येणाऱ्या संकेतात मिसळून तो बिघडवतो. टर्मिनेटर हे परतणे थांबवतो. साध्या टर्मिनेटरमध्ये 18 संकेत-तारांपैकी प्रत्येक तार 220 ओहमच्या रोधकाने 5 व्होल्टला आणि 330 ओहमच्या रोधकाने ग्राउंडला जोडलेली असते.

नियम एवढाच की टर्मिनेटर साखळीच्या दोन भौतिक टोकांवर असावेत, मधल्या कोणत्याही उपकरणावर नसावेत. साखळीतील प्रत्येक उपकरणाची ओळख ठरवणाऱ्या आयडी क्रमांकाचा याच्याशी काहीही संबंध नाही, पण हा गैरसमज फार चिवट आहे. आतील डिस्क सहसा 0, मॅक स्वतः 7, आणि बाकीच्यांना वेगवेगळे क्रमांक दिले, की तो विषय तिथेच संपतो.

अंतर्गत डिस्क असलेल्या मॅकमध्ये सामान्यतः तीच एक टोक असते, म्हणून तिच्यावरील टर्मिनेशन तसेच ठेवून दुसरा टर्मिनेटर शेवटच्या बाह्य उपकरणावर लावावा. मधल्या डिस्कमधील टर्मिनेशन मात्र काढावे लागते: काहींमध्ये त्यासाठी जम्पर, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी काढता-घालता येणारी टोपी असते, तर जुन्या डिस्कमध्ये कनेक्टरजवळ रोधकांच्या दोन-तीन पट्ट्या सॉकेटमध्ये बसवलेल्या असतात. पट्टीवरील ठिपका पहिली पिन दाखवतो. काढण्यापूर्वी तिची दिशा टिपून ठेवावी, कारण उलटी बसवलेली पट्टी फार त्रास देते. एसईसारखा एकसंध मॅक उघडताना पिक्चर ट्यूबच्या उच्च विद्युतदाबाची काळजी घेणे अत्यावश्यक आहे.

'जास्तीचा एक लावल्याने काय बिघडते?' असा प्रश्न नेहमी येतो. संकेत देण्यासाठी तारेचा व्होल्टेज खाली खेचताना उपकरणाला प्रत्येक टर्मिनेटरमागे सुमारे 20 मिलीअँपियर प्रवाह ओढावा लागतो. स्कझीच्या मानकाने 48 मिलीअँपियरची अपेक्षा ठेवलेली असल्याने दोन टर्मिनेटर चालतात, तिसरा मात्र परवडत नाही.

1986 चा मॅकिंटॉश प्लस अपवाद आहे. त्यात टर्मिनेटरही नाही आणि टर्मिनेटरला लागणारी वीजही तो पुरवत नाही, त्यामुळे ती पुरवणारे निदान एक बाह्य उपकरण साखळीत हवे. अनेक उपकरणे असतील तर पहिल्या आणि शेवटच्या उपकरणावर टर्मिनेटर लावावा. मॅकिंटॉश टू-एफएक्स (IIfx) या मॉडेलला मात्र काळ्या रंगाचा खास टर्मिनेटर लागतो.

सुटा, साधा टर्मिनेटर तपासायचा असल्यास 50 पिनांच्या बाह्य कनेक्टरवर 38 क्रमांकाची पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये मल्टिमीटर लावावा. सुमारे 30 ओहम दिसले तर तो ठीक आहे. सक्रिय टर्मिनेटरला, म्हणजे ज्यात व्होल्टेज स्थिर ठेवणारे सर्किट असते त्याला, हे मोजमाप लागू पडत नाही. सगळी जोडणी वीज बंद असताना करावी, केबलची एकूण लांबी 6 मीटरच्या आत ठेवावी, आणि बाह्य उपकरणे आधी सुरू करून मगच मॅक सुरू करावा.