आधी स्वतःची ओढ शोधा, मग माणसं जोडा

बचत गटाची अध्यक्ष, सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यातला जॉबर (कामगारांवरचा मुकादम), गणेश मंडळाचा कार्यकर्ता, सगळ्यांची तक्रार एकच: लोक पुढे येत नाहीत. बहुतेक वेळा बोलावणाऱ्यालाच आपण हे का करतोय याचं नीट उत्तर देता येत नाही, आणि ते समोरच्याला लगेच कळतं.

एक साधी वही घ्या. सलग 14 रात्री दोनच ओळी लिहा: आज कोणत्या कामात वेळेचं भान राहिलं नाही आणि कोणत्या कामाने जीव नकोसा झाला. ‘लोकांना मदत केली’ असं ढोबळ लिहू नका, त्यातून पुढे काहीच हाती लागत नाही. ‘शेजारच्या मावशींना कर्जाचं व्याज कसं मोजतात ते समजावलं’ असं लिहा. पंधराव्या दिवशी क्रियापदांवर खूण करा: शिकवणं, दुरुस्त करणं, हिशेब लावणं. जे तीनदा किंवा जास्त आलं, ती तुमची ओढ. फसगत होते ती कौतुकामुळे. ज्या कामाला शाबासकी मिळते तेच आवडतं असं वाटू लागतं. म्हणून त्या खुणांतून कुणी बघत नसतानाही केलेली कामं वेगळी काढा.

आदर्श निवडतानाही पुतळ्याला हार घालून थांबू नका, त्या माणसाचा एक निर्णय घ्या. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. सहकारी परतू लागले तरी ते राहिले आणि 1942 मध्ये तिथेच वारले. ‘सगळे निघाले तरी मी कोणत्या कामासाठी थांबेन?’ याचं उत्तर वहीत एका वाक्यात लिहा.

आता माणसं. इथे घाई नडते. बैठकीत भाषण करण्याआधी प्रत्येकीला दहा मिनिटं एकटीला भेटा. बिड्या वळणाऱ्या ताईंकडे गेलात तर त्यांचं काम थांबवू नका. मांडीवर सूप, कातरीने पान कापणं, चिमूटभर तंबाखू, दोऱ्याची गाठ, हे चालू असतानाच माणूस मोकळेपणाने बोलतो. विचारा, ‘ताई, गटात कशासाठी आलात?’ आणि गप्प बसा. उत्तर त्यांच्याच शब्दांत टिपून घ्या. मुलीची फी म्हणाल्या असतील तर बैठकीत ‘महिला सक्षमीकरण’ म्हणू नका, फीच म्हणा.

पहिलं काम सात दिवसांत संपेल एवढंच धरा. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वजांचा, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच, जड काठ्यांचा सरावसुद्धा संक्रांतीच्या कितीतरी आधी सुरू होतो, थेट मिरवणुकीत कुणी ध्वज पेलत नाही. या पहिल्या कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग स्वतः उचला. बाकीची कामं ‘कुणीतरी करा’ असं न म्हणता नाव आणि वार घालून वाटा. तरीही हात वर झाले नाहीत, तर काम निम्मं करा आणि त्याच बैठकीत पुन्हा विचारा.