ट्यूबाची वॉटर की: कुठली घ्यावी, बूच कसं बदलावं, हवा कुठे सुटते

ट्यूबा म्हणजे फुंकून वाजवायचं मोठं पितळी वाद्य. त्यात साचतं ते पाणी बहुतांशी थुंकी नसते. फुंकलेला श्वास ओला आणि साधारण ३४-३५ अंशांचा असतो. पितळ त्याहून गार असलं की नळीच्या आतल्या अंगाला दव धरतं आणि ओघळून खालच्या वळणात जमा होतं. ट्यूबाचे प्रकार मूळ सुरावरून ओळखतात: बी-फ्लॅट ट्यूबाची नळी जवळपास १८ फूट, सीची १६, ई-फ्लॅटची १३, एफची १२. म्हणूनच डिसेंबरातल्या पहाटे वाजवायला बसलं की थोड्या वेळात गुडगुड सुरू होते. मे महिन्यातल्या नागपूरच्या दुपारी मात्र वाद्यच श्वासापेक्षा तापलेलं असतं, तेव्हा की उघडून धरली तरी थेंब पडत नाही.

हे पाणी काढायला नळीला भोक पाडलेलं असतं, आणि वॉटर की म्हणजे त्या भोकाचं झाकण. तासभराच्या सरावात ती मिनिटभर उघडी असेल, बाकी सगळा वेळ बंद. त्यामुळे निवडताना किंवा दुरुस्त करताना आधी विचारायचं ते हवा सुटते का. पाणी किती झपाट्याने निघतं ते नंतर. सुटणारी हवा सहसा ऐकू येत नाही. वरचे स्वर डळमळतात, हळू आवाजात स्वर लागायला उशीर होतो, दम लवकर संपतो, आणि वादक बिचारा आपल्या ओठांना दोष देत बसतो.

सगळ्यात जुना आणि ट्यूबावर सर्रास दिसणारा प्रकार म्हणजे तरफेची की. भोकावर डाख देऊन बसवलेली आखूड तोटी, तिच्यावर टेकणारी वाटी, वाटीत बूच, आणि तरफ दाबून ठेवणारी स्प्रिंग. दुसरा प्रकार अमाडो. नळीला आडवं बसवलेलं छोटं नळकांडं, आत स्प्रिंगवर सरकणारा इवलासा पिस्टन, बटण दाबलं की वाट मोकळी. तिसरा सॅटर्न, त्यात कडी कुठल्याही बाजूने ढकलली तरी आतली गोळी सरकते. यांशिवाय सच्छिद्र चकतीतून पाणी आपोआप झिरपू देणाऱ्या कीही मिळतात, पण ट्यूबाचं पाणी जास्त, त्यामुळे त्यांच्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नये.

मुख्य ट्यूनिंग स्लाइडला (सूर जुळवायला आत-बाहेर सरकवायची, काढता येणारी वाकडी नळी) तरफेचीच की घ्यावी. तिचं भोक मोठं ठेवता येतं, बिघाड डोळ्यांना दिसतो आणि दुरुस्ती कुठल्याही गावात होते. ऐन मिरवणुकीत स्प्रिंग तुटली तर तरफेवर रबरबँड गुंडाळून कार्यक्रम निभावतो. अमाडो अडकली तर रबरबँडचा काही उपयोग नाही. अमाडोची खरी जागा अडचणीतली: तिसऱ्या किंवा चौथ्या व्हॉल्व्हच्या (बोटाने दाबायची कळ, जी हवा जादा नळीतून वळवते) स्लाइडचं वळण, जिथे शेजारच्या नळीमुळे तरफेला उघडायला जागा नसते, किंवा जिथे तरफ शर्टात नाहीतर पेटीच्या अस्तरात अडकते.

नवीन की बसवायची असेल तर जागा कारागिराच्या टेबलावर ठरवू नये. नेहमीच्या खुर्चीत, नेहमीच्या कलाने ट्यूबा धरा आणि वीसेक मिनिटं वाजवा. मग स्लाइड वाकडी होऊ न देता, त्याच कलात हळूच काढा. पाणी जिथे साचलेलं दिसेल तिथे बाहेरून चिकटपट्टी लावून खूण करा. मांडीवर धरणाऱ्याची आणि स्टँडवर ठेवणाऱ्याची खूण दोन-तीन सेंटिमीटरने सहज वेगळी येते. भोक पाडणं आणि डाख देणं हे वाद्य दुरुस्त करणाऱ्याचं काम आहे, घरच्या ड्रिलचं नव्हे. काम झाल्यावर आतून बोट किंवा कापसाचा बोळा फिरवून बघा. भोकाच्या कडेला आत चरचरीत कंगोरा लागला तर तो घासून घ्यायला सांगा. कंगोऱ्याशी पाणी अडतं आणि मळ धरतो.

आता गळतीची परीक्षा. स्लाइड काढा, एक तोंड तळहाताने घट्ट बंद करा, दुसऱ्या तोंडातून जोरात वाजवताना देता तेवढ्याच दाबाने फुंका. बूच आणि तोटी यांच्या सांध्याला आणि तोटीच्या बुडाशी साबणाचं पाणी लावलेलं असू द्या. बुडबुडा बुचाच्या कडेने आला तर बूच किंवा स्प्रिंग. तोटीच्या बुडाशी आला तर डाख सुटलेला आहे. तिथे बूच बदलून काही होणार नाही. हळू फुंकताना बंद आणि जोरात फुंकताना बुडबुडे, असं झालं तर स्प्रिंग कमजोर आहे.

बूच बदलणं घरी जमतं. तरफेचा स्क्रू काढताना दुसऱ्या हाताने स्प्रिंग धरून ठेवा, नाहीतर ती खोलीभर शोधावी लागते. स्प्रिंगचा कुठला पाय तरफेखाली आणि कुठला नळीवर टेकतो याचा आधीच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. जुनं बूच सुईने उचकटा. वाटीत उरलेला गोंद खरवडून स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. गोंदाचा जुना थर राहिला की नवीन बूच तिरकं बसतं, आणि निम्म्या तक्रारींचं मूळ तिथे असतं.

वाटीचा आतला व्यास व्हर्निअर कॅलिपरने मोजा. ट्यूबावर तो साधारण ११ ते १३ मिलिमीटर भरतो, पण अंदाजाने घेऊ नका. नैसर्गिक बूच त्यापेक्षा पाव ते अर्धा मिलिमीटर मोठं घ्या, म्हणजे दाबून बसतं. जाडी अशी हवी की बूच वाटीबाहेर दीड-दोन मिलिमीटर राहील. इथेच बरेच जण चुकतात. बूच जास्त जाड झालं तर बिजागरीकडची कड आधी टेकते आणि पुढे फट राहते. पातळ झालं तर पुढची कड आधी टेकते आणि मागून हवा सुटते. जाड बूच सपाट फरशीवर ठेवलेल्या बारीक पॉलिश पेपरवर गोल गोल घासून कमी करता येतं. पातळ बुचाला इलाज नाही, दुसरं घ्या.

चिकटवायला लाख उत्तम. वाटी खालून किंचित तापवली की लाख मऊ होते, आणि तरफ जागेवर बसवून बंद केली की बूच स्वतःच तोटीला समांतर होतं. वाटी तापवायची ती तरफ काढून हातात घेतल्यावरच. वाद्यावर ज्योत धरली तर लॅकर (पितळेवरचा चकचकीत थर) जळतं आणि शेजारचा डाख सुटतो. लाख नसेल तर चपलांना लावतात ते रबर सोल्युशन चालतं. दोन्ही बाजूंना पातळ थर, दहा मिनिटं सुकू द्या, मग दाबा. सिलिकॉनचं बूच असेल तर हे सोल्युशन त्याला धरत नाही, सिलिकॉनचाच गोंद लागतो. शेवटी की बंद करून वर रबरबँड लावा आणि रात्रभर ठेवा. सकाळी बुचावर तोटीची गोल खूण सगळीकडे सारखी उमटलेली हवी. एका बाजूला खोल आणि दुसरीकडे पुसट असेल तर पुन्हा लाख मऊ करा.

नैसर्गिक बूच खूण धरतं म्हणून पहिल्या दिवसापासून नीट बंद होतं, पण वाळून चुरतं. रबराचं जास्त टिकतं. मात्र तोटीची कड धारदार किंवा खाचा पडलेली असेल तर दोन्ही कापली जातात. ती कड ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने सपाट करून घ्यावी, आतला चुरा फुंकून नव्हे, धुऊन काढावा.

स्प्रिंग कमजोर झाली की तिचा पाय चिमट्याने थोडा वाकवतात. एकदा चालतं, वारंवार केलं की तिथेच तुटते. ताण वाढवण्यालाही मर्यादा आहे. फार कडक स्प्रिंग बुचात तोटी रुतवते, मग तेच बूच सहा महिन्यांत बदलावं लागतं. की पूर्ण दाबल्यावर बूच आणि तोटी यांच्यात तीनेक मिलिमीटर अंतर पडायला हवं, नाहीतर थेंब मधेच चिकटून बसतो. बिजागरीला महिन्यातून शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरे. बुचावर तेल जाऊ देऊ नका.

अमाडोचं उलट आहे, तिला तेलच जगवतं. आठवड्यातून एकदा व्हॉल्व्ह ऑइलचा थेंब बटणाच्या कडेने सोडा आणि दहा-बारा वेळा दाबा. साखरेचा चहा पिऊन लगेच वाजवायची सवय असेल तर आठवड्यातून दोनदा. अडकलीच तर टोकाची छोटी क्लिप काढून पिस्टन बाहेर घ्या (क्लिप उडते, खाली टॉवेल पसरा), कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, तेल लावून परत बसवा. परेडच्या आदल्या दिवशी वाद्य चकाकवताना पितळेचं पॉलिश या कीच्या फटीत जाऊ देऊ नका. त्यात घासणारी पूड असते, ती पिस्टन झिजवते, आणि झिजलेली अमाडो बदलण्यावाचून पर्याय राहत नाही.

तोटीभोवती हिरवट थर दिसला तर पुसून कोरडा ठेवा. गुलाबी ठिपके, त्यांच्या मधोमध गडद बिंदू, असं दिसलं तर पितळेतलं जस्त निघून जाऊ लागलंय. ते पॉलिशने जात नाही, कारागिराला दाखवावं.

पाणी काढताना की उघडून आवाज न करता लांब, संथ फुंकर मारा. आखूड झटक्यांनी पाणी नुसतं मागेपुढे हलतं. तरीही गुडगुड राहिली तर ती व्हॉल्व्हच्या स्लाइडमध्ये आहे. ज्या व्हॉल्व्हची स्लाइड काढायची तो दाबून धरा, मगच ओढा. न दाबता ओढली तर फटकन आवाज येतो आणि आत निर्वात ओढ बसते. पेटीत ठेवण्यापूर्वी सगळ्या स्लाइड्स रिकाम्या करा, आणि झाकण लावताना अस्तर तरफेवर दाबत नाही ना ते बघा. पेटीत एक जादा स्प्रिंग, मोजून घेतलेली दोन बुचं आणि चार रबरबँड असू द्या.