माळ्यावरचा ॲम्प खाली काढताय? या चुका टाळा

नवरात्र जवळ आलं की पंचगंगेवर वाकळा धुवायला झुंबड उडते. घरोघरचे माळे रिकामे होतात आणि त्याच आठवड्यात कुणीतरी आजोबांचा ॲम्प, म्हणजे गाण्याचा ॲम्प्लिफायर, पिशवीत घालून माझ्या दारात उभा राहतो. पहिलं वाक्य ठरलेलं: “काका, लावून बघितला, पाच मिनिटं वाजला की!”

लावून कशाला बघितलास, बाबा?

मागच्या वर्षी राजारामपुरीतला एक पोरगा असाच आला. पंधरा वर्षं पडून असलेला ॲम्प त्याने फडक्यानं पुसला, स्पीकर जोडले आणि थेट प्लगमध्ये घातला. वाजला म्हणून व्हिडिओ काढून मित्रांना पाठवेपर्यंत फट्ट आवाज झाला. आतल्या बायसच्या प्रीसेटवर (आउटपुट ट्रान्झिस्टरमधून कायम किती करंट वाहायचा ते ठरवणारा छोटा फिरता स्क्रू) धूळ आणि गंज बसून त्याचा काटा टेकतच नव्हता. त्यामुळे बायस वर गेला, आउटपुट ट्रान्झिस्टर तापून शॉर्ट झाला आणि सप्लायचे पस्तीसेक व्होल्ट डीसी सरळ वूफरवर गेले. आठ ओहमच्या स्पीकरची कॉइल मीटरवर साधारण सहा ओहम दाखवते. म्हणजे त्या बोटभर कॉइलमध्ये दोनशे वॉटची शेगडी पेटली. कोन बाहेर येऊन अडकलेला, आणि जळक्या वार्निशचा वास पिशवीतूनच येत होता.

हे वाचवायला लागतो एक सिरीज बल्ब. कुठल्याही वायरमनकडे असतो तोच बोर्ड: फेजमध्ये होल्डर, त्यात साठ किंवा शंभर वॉटचा तारेचा बल्ब. एलईडी चालत नाही. ॲम्प चालू केल्यावर बल्ब लख्ख पेटून मंदावला तर ठीक. तसाच पेटत राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा. पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला (चार्ज साठवणारे डबे) ऑक्साइडचा थर कमजोर होतो, तोही असा हळूहळू सावरतो. मी अर्धा तास तरी स्पीकरशिवाय ठेवतो. मग स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी मोजायचं. पन्नास मिलिव्होल्टच्या वर असेल तर माझे स्पीकर त्याला लागत नाहीत.

दुसरी चूक मी स्वतः केलीय, म्हणून जास्त झोंबते: एका बैठकीत सगळे कपॅसिटर बदलणे. बावीस बदलले, चहा घेतला, चालू केला, उजवी बाजू गपगार. एक उलटा बसला होता. बोर्डावर रंगवलेली अर्धी बाजू प्लस की मायनस, हे जुना काढण्याआधी बघितलंच नव्हतं. शोधायला आठ दिवस गेले. स्टिरिओत दोन सारखे चॅनल असतात, ही केवढी सोय! आता मी आधी एकच बाजू करतो, दुसरी नकाशा म्हणून तशीच ठेवतो. दोन-तीन बदलले की चालू करून व्होल्टेज मोजायचं, मग पुढचे. कंटाळवाणं आहे. ज्याला कंटाळा येतो त्याने ब्लूटूथचा डबा घ्यावा.

बाकीच्या चुका घाऊक आहेत. व्हॉल्यूम खरखरतो म्हणून गंज काढायचं तेल मारू नका. कॉन्टॅक्ट क्लीनर आणा. बदली कपॅसिटर जास्त व्होल्टचा चालेल, कमीचा नाही. “बास वाढेल” म्हणून सप्लायच्या फिल्टरला चौपट मोठा कपॅसिटर बसवलात तर चालू करताना ब्रिजवर, म्हणजे एसीचं डीसी करणाऱ्या डायोडवर, भार पडतो. ३०५५ हा आउटपुट ट्रान्झिस्टर अगदीच स्वस्त मिळाला तर तो बहुतेक नकली. ट्रान्झिस्टरखालचा अभ्रक, म्हणजे त्याला हीटसिंकपासून वेगळं ठेवणारा पातळ तुकडा, विसरू नका. आणि प्लग काढला म्हणून लगेच हात घालू नका, फिल्टर चार्ज धरून असतो. आधी मीटर लावा.

जपानमधून टर्नटेबल आणणाऱ्यांना एक सांगतो. तिथे १०० व्होल्ट, म्हणून ट्रान्सफॉर्मर घेता, बरोबर. पण निम्म्या जपानात वीज ६० हर्ट्झची आहे. तिथल्या एसी मोटरच्या पुलीवर (पट्टा फिरवणारं चाक) आपल्या ५० हर्ट्झला मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी जेमतेम २८ फेऱ्यांनी फिरते आणि गाणारी बाई बुवा होते. पुली बदलावी लागते. आपल्या उद्यमनगरात लेथवाल्याकडे करून मिळते.

राजारामपुरीच्या पोराचा ॲम्प माझ्याच टेबलावर आहे. डावा चॅनल झालाय, उजव्याला अजून हात लावलेला नाही. तो रोज फोन करतो.